आधी मागचं

वालचंदनगरच्या वसाहतीत पाणी सोडणारा हा गृहस्थ आमच्याच ख्रिस्ती मंडळीतला. प्रार्थनेत देवाकडे काही मागायचं झालं, की तो आधी मागचे उपकार सांगायचा: लासुर्ण्याच्या ओढ्याच्या पुरातून काढलंस, पोरीची कावीळ उतरवलीस. जेवणापूर्वीही तेच.

“देवाला ठावं हाय की सगळं. आमटी निवली!” बायको म्हणायची.

“त्याला ठावं हाय गं, मीच इसरतो,” म्हणून तो पुन्हा डोळे मिटायचा.

माझी पत्नी वारली आणि मला हे उपकार ऐकवेनात. मी प्रार्थनेला जाणं सोडलं. तो मात्र रोज संध्याकाळी काम आटोपून माझ्या पायरीवर येऊन बसायचा. फारसा बोलायचा नाही. “येतो सर,” म्हणून उठायचा.

वर्षभराने बारामतीला त्याच्या मुलीच्या पोटाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. बाहेरच्या बाकावर मी त्याच्याशेजारी बसलो होतो.

“आज तरी आधी मागा,” मी म्हणालो.

“मागचं आठवल्याबिगर धीर व्हत न्हाय, सर.”

आम्ही डोळे मिटले. पूर सांगून झाला, कावीळ सांगून झाली. मग तो म्हणाला, “देवबापा, वैनी गेल्या तवा तू सरांना एकलं सोडलं न्हाईस.”

मी डोळे उघडले. वर्षभर मी स्वतःला एकटाच समजत होतो. आणि माझ्याजवळ येऊन कोण बसत होतं, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

पुढे मुलीसाठी मागताना त्याला शब्द फुटेना. तेव्हा ते मी मागितलं.