अप्पांनी सांगितलेला शेवट

मन्मथप्पा आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव होते आणि मी अंगणवाडीची सेविका. दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, तीही अशी की पलीकडे कोणी शिंकलं की माझ्याकडची पोरं दचकायची. चौसाळ्याच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या खोलीत या माणसाने बावीस वर्षं दूध तपासलं, पण कोणाची फॅट कधी इकडची तिकडे केली नाही. सरपंचाच्या दुधात पाणी निघालं तर सरपंचाला तोंडावर सांगायचे. सख्ख्या मेहुण्याचं दूध त्यांनी दोनदा परत पाठवलं, तेव्हा त्यांची बायको शांतादेवी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. असा माणूस एकदाच खोटं बोलला. मी ते ऐकलं आणि गप्प बसले, म्हणून हे लिहायची पाळी माझ्यावर आली आहे.

त्यांना दोन मुली. थोरल्या शिवलीलाला बारावीपासून जपानी मालिकांचं वेड लागलं होतं. हिंदीत डब झालेले भाग मोबाइलवर उतरवून घ्यायची आणि कॅन धुताना, भाकरी थापताना बघत बसायची. अप्पा त्याला कार्टून म्हणायचे. ती दर वेळी ‘कार्टून न्हाई अप्पा, अ‍ॅनिमे’ म्हणून दुरुस्त करायची आणि ते दर वेळी पुन्हा कार्टूनच म्हणायचे. मला वाटतं मुद्दामच.

दोन हजार अठराला पोळ्यानंतर पाऊस फिरकलाच नाही. संक्रांत झाली तोवर विहिरींचा तळ दिसायला लागला होता, आणि पुढे जनावरं छावणीत गेली. सकाळी आठशे लिटर दूध येणाऱ्या संस्थेत सत्तर-ऐंशी लिटर यायला लागलं. अशा वर्षात आमच्याकडे लोक मुलींची लग्नं उरकून घेतात. घरातलं एक माणूस कमी होतं, असं कोणी बोलून दाखवत नाही एवढंच. शिवलीला एकोणीस वर्षांची होती. उदगीरकडचं स्थळ आलं. कापडाचं दुकान, मुलगा निर्व्यसनी, देण्याघेण्याचा हट्ट नाही. सासूने एकच सांगितलं की आमच्याकडे सुनांना मोबाइल लागत नाही. मन्मथप्पांनी मान डोलावली. माझं मत विचारलं असतं तर मी तिथूनच उठा म्हटलं असतं, पण लग्नाच्या बैठकीत अंगणवाडीच्या बाईचं मत कोण विचारतो?

लग्न लागून सासरी निघताना शिवलीलाने मोबाइल बापाच्या हातात दिला. एक मालिका अर्धी राहिली होती. म्हणाली, “पुढचं तुमी बघा अप्पा, आन् मला सांगा.”

सोमवारी सासरचं दुकान बंद असायचं. त्या दिवशी दुपारी सासू स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावून द्यायची, आवाज मोठा ठेवायची आणि शेजारीच बसायची. मग बापलेक काय बोलणार? जेवलीस का, जेवले. बरी हायेस का, बरी हाय. संपलं. त्यानंतर ती हळूच विचारायची, “पुढं काय झालं?” आणि मन्मथप्पा चष्मा लावून वही उघडायचे.

होय, वही. पोरासोरांसारखं नुसतं बघून सोडून देणं त्यांना कसं जमणार? संस्थेच्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर ते प्रत्येक भागाचं सभेसारखं टिपण काढायचे. विषय क्रमांक एक, मुलगा शर्यत हरतो. विषय क्रमांक दोन, मित्र माफी मागतो, सर्वानुमते मान्य. ती पहिली मालिका एका शाळेच्या पोहण्याच्या संघाची होती. आमच्याकडे टँकर चार दिवसाला एक, आणि मोबाइलवर तलाव भरून पाणी. मन्मथप्पा हळहळायचे, की ही पोरं एवढ्या पाण्यात नुसती हातपाय मारतात, कोणी एक घागर भरून नेत नाही. शिवलीला तिकडे हसायची. ते हसणं ऐकायला मीही पोरांना लवकर घरी धाडून भिंतीपलीकडे जायला लागले, आणि पाहता पाहता मलाही ते वेड लागलं.

संस्थेत दुपारी काम उरलं नव्हतं. दूध थंड करायची टाकी कोरडी पडलेली, तिच्याशेजारी स्टुलावर मोबाइल टेकवून आम्ही दोघं बघायचो आणि भांडायचो. खलनायक वार करायच्या आधी पाच मिनिटं स्वतःचा बेत का सांगत बसतो, हे मन्मथप्पांना कधीच पटलं नाही. मला ते डोळ्यांत तळं साचेपर्यंत रडणं जास्त वाटायचं. शिवलीलाला तेच आवडायचं. एक मालिका संपली की पुढची ठरवायची. लग्नाआधी मैत्रिणींकडून ऐकलेली दोन-तीन नावं शिवलीला सांगायची, बाप गोष्ट विचारायचा, मी मध्ये तोंड घालायचे, आणि शेवटी तिला हवं तेच ठरायचं. वहीत नोंद व्हायची: सूचक शिवलीला, अनुमोदक मन्मथप्पा. माझं नाव ‘निमंत्रित’ म्हणून. मी त्यावरूनही भांडले होते.

नंतरची एक मालिका सव्वीस भागांची. डोंगरातल्या एका गावाने घरटी एक मूल राजाच्या फौजेला द्यायचं कबूल केलेलं असतं. एक कुंभार आपली मुलगी देतो. तिला क्रौंच पक्ष्यांवर बसून लढायला शिकवतात, कामाला जुंपतात, आणि मुदत संपायच्या आत जो परत येईल त्याच्या घराची अब्रू जाते. मला गोष्ट ठीकठाक वाटली. शिवलीला मात्र तीत अडकली. आता तिचे प्रश्न बदलले. लढाई कोण जिंकलं हे ती विचारेना. ती पोरगी कुठं निजते, तिला जेवायला आधी देतात का मागून, तिच्याशी कोणी बोलतं का, असलं विचारायची. मन्मथप्पा वहीत शोधायचे आणि सापडलं नाही तर भाग पुन्हा बघायचे.

एका सोमवारी ती म्हणाली, “तिच्या हाताला भाजलंय, आसं दाखवलंय का?”

वहीत तसं काही नव्हतं. मन्मथप्पा म्हणाले, “न्हाई बा. कावून?”

ती म्हणाली, “आसंच.”

फोन बंद झाल्यावर मी त्यांना सांगितलं, ती मालिकेचं विचारत नाहीये. त्यांनी वही मिटली. मला वाटतं त्यांना माझ्याआधी कळलं होतं. धाकटीची सुपारी पुढच्या महिन्यात फुटायची होती आणि संस्था बंद करायचा कागद वरून आला होता. थोरली परत आली तर धाकटीचं मोडेल, हे शांतादेवी रोज म्हणत होती. मी म्हटलं, निदान एकदा जाऊन या. ते गेलेही, चहा पिऊन परत आले. सासू समोरून हलली नाही, आणि शिवलीलाने पदराखालून हात काढला नाही.

शेवटचा भाग आम्ही रविवारी पाहिला. लढाई संपते. मुदतीला तीन वर्षं बाकी असतात. ती मुलगी पक्षी सोडून देते आणि चालत गावाकडे निघते. घराशी येते तेव्हा तिच्याने हाकही मारवत नाही. कुंभार चाक थांबवतो, उठतो, दार उघडतो. काही विचारत नाही. आत नेतो आणि तिच्यापुढे वाडगा ठेवतो. संपलं. मला रडू आलं. मन्मथप्पांनी त्या भागाचं टिपण काढलं नाही.

सोमवारी फोन आला. जेवलीस का, जेवले. मग म्हणाली, “जाती का वो ती घरी?”

मन्मथप्पांच्या पुढे वही उघडी होती आणि पान कोरं होतं. त्या पानावर बोट ठेवून ते म्हणाले, “न्हाई बाळा. ऱ्हाती तिथंच. रुळती मग हळूहळू. समद्यांचं बरं व्हतं.”

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. मोबाइल आवाक्यात होता. ‘खोटं हाय’ एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी धाकटीचा विचार केला, शांतादेवीचा केला, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या घरात तोंड घातलं म्हणून गाव मला काय म्हणेल याचाही केला. तिकडून शिवलीला “बरं” म्हणाली. पुढची कोणती बघायची, असं अप्पांनी विचारलं. ती म्हणाली, “तुमाला आवडंल ती बघा.” त्यानंतर सोमवारचे फोन पंधरवड्याने, मग महिन्याने यायला लागले. मालिकेचं तिने पुन्हा कधी विचारलं नाही. अप्पांनी एकट्याने दोन सुरू केल्या आणि दोन्ही अर्ध्यावर सोडल्या.

संस्था बंद झाली. धाकटीचं लग्न झालं, चांगलं झालं. तीन वर्षांनी पंचमीला शिवलीला माहेरी आली, लग्नानंतर पहिल्यांदा चार दिवस राहायला. ती बारीक झाली होती. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चकाकत होती, आणि तिने ती लपवली नाही. सासू वारल्यामुळे आता तिच्याकडे स्वतःचा मोबाइल होता. आम्ही तिघं अंगणवाडीच्या ओट्यावर बसलो. मन्मथप्पांना राहवेना. त्यांनी विचारलं, की नवीन काही सांग, काय बघावं. इतक्या दिवसांत मी त्यांना इतकं आतुर झालेलं पाहिलं नव्हतं.

शिवलीला म्हणाली, “ती कुंभाराच्या पोरीची मी बघितली अप्पा. मागच्या साली. दार उघडतो की तो.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मन्मथप्पा ओट्यावरून खाली उतरले, पुन्हा बसले. मी म्हटलं, “शिवलीला, मी बी तिथंच व्हते गं.” तिने माझ्याकडे बघून मान हलवली.

मग ती बापाला म्हणाली, “त्या सोमवारी मी पिशवी भरून ठिवली व्हती. तुमी सांगितलं, मंग रिकामी केली.”