आप्पा बाजूला का झाले नाहीत

नोकरीत खुनाचे गुन्हे पुष्कळ पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत, पण दौंड तालुक्यातल्या त्या आंधळ्या म्हाताऱ्याचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. दोन हजारच्या दशकाची अखेरची वर्षं होती आणि मी तिथल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नावं कोणाचीच घेत नाही. त्यातली काही माणसं अजून त्याच रस्त्याने ये-जा करतात.

म्हाताऱ्याला सगळं गाव आप्पा म्हणायचं. तरुणपणीच त्यांची दृष्टी गेलेली. तरी रोज दुपारी वरवंडकडून येणाऱ्या कच्च्या रस्त्याने ते एकटेच मळ्यापर्यंत चालत जायचे. ट्रॅक्टर कोणाचा, मोटरसायकल कोणाची, हे त्यांना आवाजावरून कळायचं. गाडी लांब असतानाच ते डाव्या कडेला व्हायचे, काठी वर धरायचे आणि गाडी पुढे गेल्यावर काठी खाली घ्यायचे. मागून कोणी हॉर्न वाजवलेला मात्र त्यांना खपत नसे. 'मी काय बहिरा हाय का?' असं विचारून वाजवणाऱ्याला ते गप्प करायचे. त्यामुळे आप्पांच्या मागे हॉर्न द्यायचा नाही, ते आपणहून वाट देतात, असा त्या रस्त्याचा रिवाजच पडला होता. गावात येणाऱ्या पाहुण्यांनाही तो सांगितला जाई.

एका दुपारी आप्पा त्या रस्त्यावरच्या मोरीजवळ मरून पडलेले सापडले. डोकं मोरीच्या दगडावर आपटलेलं आणि उजव्या दंडावर काळानिळा वळ. अकस्मात मृत्यूची नोंद करून आम्ही पंचनामा केला. रस्त्यावर पाऊल बुडेल एवढा फुफाटा होता, आणि आम्ही पोहोचेपर्यंत पाटसच्या कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या आणि बघ्यांची गर्दी त्यावरून फिरून गेली होती. डॉक्टरांच्या मते वळ काठीचाही असू शकत होता आणि गाडीच्या धक्क्याचाही. शेजारच्या उसात तोड चालू होती. तोडणाऱ्यांना आतून रस्ता दिसत नव्हता, पण आपला ट्रॅक्टर भरून गेल्यापासून आप्पा सापडेपर्यंत एकाही गाडीचा आवाज आला नाही, असं सगळ्यांनी शपथेवर सांगितलं. गावकऱ्यांचं म्हणणं तर त्याहून ठाम होतं. आप्पा कुठल्याही गाडीखाली सापडणं शक्यच नाही.

गाडी नाही म्हटल्यावर राहिली काठी. ती कोणाच्या हातात असेल, हे सांगणारा फोन दुसऱ्याच दिवशी ठाण्यात आला. नाव न सांगता तो माणूस एवढंच म्हणाला, की सकाळी पुतण्या म्हाताऱ्याला काय बोलला ते त्यालाच विचारा.

या पुतण्याला आप्पांनीच लहानाचा मोठा केलेला. हायवेलगत त्याने नवं घर बांधलं होतं आणि बायकामुलांना घेऊन तिकडे राहायला जायचं होतं. आप्पा पायांखालची ओळखीची वाट सोडायला तयार नव्हते आणि त्यांना एकटं ठेवणं याच्या मनाला पटत नव्हतं. त्या सकाळी त्याचा तोल सुटला आणि 'तुमच्यापायी आमचं समदं अडून बसलंय, आता तरी मोकळं करा आम्हाला,' असं तो ओरडला. शेजारच्या चार घरांनी ते ऐकलं होतं.

त्याला चौकशीला बोलावलं. तो काही लपवेल अशी माझी अपेक्षा होती, पण त्याने पहिल्याच प्रश्नाला मान खाली घातली.

"व्हय सायेब. माझ्यामुळंच गेलं आप्पा. घाला मला आत."

कसं, कशाने, कुठे उभं राहून, हे सगळं मी फिरवून फिरवून विचारलं. खुन्याची कबुली मी अनेकदा घेतली आहे. माणूस एकदा कबूल झाला की बाकीचं सांगून मोकळा होतो, निदान हत्यार कुठे टाकलं ते तरी सांगतोच. हा फक्त 'माझ्यामुळं' एवढंच म्हणत होता. तरी कायद्याने मला दुसरा रस्ता नव्हता. तीनशे दोन लावलं, अटक दाखवली, कोर्टाने पोलीस कोठडी दिली. हत्याराच्या शोधात आम्ही ऊस विंचरून काढला आणि हाती काही लागलं नाही. तो कोठडीत जेवत नव्हता. पहाऱ्यावरच्या शिपायाने भाकरी पुढे केली की ताटाला हात जोडायचा आणि ते परत सरकवायचा. मला ते बघवत नसे.

उलगडा झाला तो आमच्या जीपच्या फुटक्या आरशामुळे. हवालदार तो बदलायला दौंडमधल्या एका काचवाल्याकडे गेला होता. परत येऊन तो सगळ्यांना हसत सांगू लागला, की शिरूरकडच्या एका साहेबाकडे परदेशातून आणलेली जुनी गाडी आहे, अर्धी पेट्रोलवर आणि अर्धी बॅटरीवर चालणारी. तिचा डाव्या बाजूचा आरसा ट्रॉलीला घासून तडकलाय आणि तो साहेब दुकानं पालथी घालतोय. असा आरसा पुण्यातसुद्धा कोणाकडे नाही. काचवाला म्हणे चक्रावून गेला होता. गाडी दुकानासमोरून निघून गेली तरी सुरू कधी झाली ते त्याला कळलंच नाही.

टेबलाभोवती सगळे हसले. मी हवालदाराला शेवटचं वाक्य पुन्हा बोलायला लावलं.

गाडीचा मालक शिरूर तालुक्यातल्या केंदूरचा. सिंगापूरची नोकरी संपवून येताना त्याने आपली वापरातली गाडी जहाजातून आणली होती. आम्ही गेलो तेव्हा तो स्वतः मागच्या सीटजवळच्या जाळीतली धूळ ब्रशने काढत होता. तिथून बॅटरीला हवा जाते, ती जाळी तुंबली की बॅटरी तापते, असं त्याने न विचारताच सांगितलं. एकही गॅरेजवाला गाडीला हात लावत नसे, आतल्या नारंगी वायरींना सगळे घाबरत. बारीकसारीक भाग ओळखीची माणसं तिकडून बॅगेत घालून आणत. पोटच्या पोरासारखी सांभाळली होती त्याने ती गाडी. आरशाचं विचारल्यावर त्याने ब्रश खाली ठेवला आणि सगळं सांगितलं.

त्याची बहीण आप्पांच्याच गावात दिलेली. त्या दुपारी तो तिच्याकडून निघाला होता. हळू चालवली की त्या गाडीचं इंजिन बंद राहतं आणि ती नुसत्या बॅटरीवर जाते. तशी चालवण्याचा त्याला अभिमान होता, पेट्रोलही वाचायचं. पुढे आप्पा दिसले.

"ताईने सांगितलं होतं साहेब, आप्पांना हॉर्न द्यायचा नाही, ते बाजूला होतात," तो म्हणाला. "मी त्यांच्या मागे हळूहळू येत राहिलो. ते होतीलच बाजूला असं वाटलं. मग कडेने काढायला गेलो."

आरसा दंडाला लागला आणि आप्पा मोरीवर कोसळले. हा उतरला, रक्त पाहिलं, आजूबाजूला कोणी नाही हेही पाहिलं आणि निघून गेला. दुसरा माणूस खुनासाठी आत आहे, हे बहिणीकडून कळूनही तो गप्प राहिला होता. एरवी सभ्य, शिकलेला गृहस्थ. हयगयीने मृत्यूला कारण झाल्याचा आणि जखमीला सोडून पळाल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल केला. अपघातासाठी मी त्याला फार दोष देत नाही. पण त्या गप्प बसण्याचा राग मला आजही येतो.

तोडणाऱ्यांना आवाज का आला नाही, याची खात्री करून घ्यायची होती. पंचांसमक्ष गाडी ठाण्याच्या आवारात आणवली. पुतण्याला कोठडीतून बाहेर काढलं आणि काही न सांगता भिंतीकडे तोंड करून उभं केलं. गाडी मातीवरून हळूहळू त्याच्या पाठीशी हातभर अंतरावर येऊन थांबली. तो हलला नाही. मी खांद्याला हात लावला तेव्हा वळला आणि दचकून भिंतीला टेकला. गाडीकडे, मग तडकलेल्या आरशाकडे त्याने पाहिलं.

"ही व्हती?"

मी हो म्हणालो.

"मंग आप्पांना ऐकूच आली नसंल."

"नाही आली."

तो तिथेच मातीत बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. मग एवढे दिवस जे बोलला नव्हता ते बोलला.

"मी म्हनलो व्हतो सायेब, मोकळं करा आम्हाला. मला वाटलं, आप्पांनी गाडी ऐकली, आन् तरीबी जागचं हाललं न्हाईत."

कबुली खरी की खोटी एवढंच आम्ही तपासत असतो. माणूस नेमकं काय कबूल करतोय, हेही विचारायचं असतं, हे मला त्या आवारात कळलं. पुढच्या नोकरीत समोरचा 'मीच केलं' म्हणाला की मी लगेच लिहायला सांगत नसे.

कोर्टाकडून त्याची सुटका झाली तेव्हा मी त्याला म्हणालो, की तुझ्यावरचा आळ खोटा होता हे मी स्वतः चावडीवर येऊन सांगतो. त्याने नकारार्थी मान हलवली.

"माझं ऱ्हाऊ द्या सायेब. गावात लोक म्हनत्यात, म्हातारपनी आप्पांचं कान गेलं व्हतं. तसं नव्हतं, एवढं सांगा."

मी गेलो आणि तेवढंच सांगितलं.