आषाढातली माशांची जोडी

लग्न होऊन मी नंजनगूडहून म्हैसुराच्या शिंप्याच्या घरी आले, तेव्हा यांच्या तोंडात जीभ आहे की नाही, असाच मला प्रश्न पडला होता. आईसमोर बायकोशी बोलायचं म्हणजे यांना घाम फुटायचा. आणि घर एवढंसं, आई नसायची कुठे?

माशांनी वाचवलं. मलबाराकडच्या एका गिऱ्हाइकानं यांना पिवळ्या, लाल ठिपक्यांच्या माशांची जोडी दिली होती. दुकानातली जरीच्या टोप्या ठेवायची काचेची पेटी यांनी राळेनं सांधे बुजवून त्यांच्यासाठी पडवीत मांडली. मासे बघत उभं राहिलं तर कोणी काही म्हणत नसे. तिथंच हे पहिल्यांदा बोलले, "नर कुठला, ओळख बघू." मला कुठलं ओळखू येतंय! दोघं दिसायला सारखेच.

पुढे मादीनं तळातल्या कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली. एक जण कल्ल्यांजवळचे पंख हलवून अंड्यांवर पाणी खेळतं ठेवी, दुसरा पहारा देई, मग अदलाबदल. आम्ही दोघं रोज बघायचो आणि बोलायचो. मला माहेरची आठवण येईनाशी झाली.

तेवढ्यात आषाढ तोंडावर आला. आषाढात सासू-सुनेनं एका उंबऱ्यातून ये-जा करायची नाही, ही इकडची रीत आमच्या मराठी घरांतही मुरलेली. म्हणून नवी सून महिनाभर माहेरी. आत्ता कुठे हे बोलायला लागलेत, महिन्याभरात पुन्हा मुके झाले तर?

सासूबाई रीतीच्या पक्क्या. माशांनाही सोडलं नाही. "नवं जोडपं ते नवं जोडपं," म्हणाल्या आणि पेटीत मधोमध जुनी दगडी पाटी घातली. नर एकीकडे, मादी नि अंडी दुसरीकडे. नर पाटीवर धडका मारू लागला. मादी कधी अंड्यांवर, कधी पाटीपाशी. दुसऱ्या दिवशी बरीच अंडी नासून पांढरी पडली.

त्याच दिवशी वडील मला न्यायला आले. माझं गाठोडं पडवीत ठेवलेलं. हे पेटीपाशी गेले, बाही वर सारली आणि पाटी ओढून काढली.

"आई, एकटीनं होत नाही तिला. आणि हिलाही पाठवू नकोस."

अय्यो पांडुरंगा! वडिलांच्या हातातलं ताक सांडलं.

सासूबाई पेटीपाशी जाऊन बसल्या. नर थेट अंड्यांवर गेला आणि तोंड घालू लागला. "खातोय की मेला!" त्या ओरडल्या. पण तो फक्त पांढरी अंडी वेचून काढत होता. मादी बाकीच्यांवर पंख हलवत राहिली. सासूबाई बराच वेळ बघत होत्या.

मग उठल्या आणि आपलं लुगडं गाठोड्यात बांधू लागल्या.

"रीत उंबऱ्याची आहे ना? एकीनं बाहेर पडलं की झालं. मी वरुणा गावी बहिणीकडे राहीन. व्याहीबुवा, मला तिथवर पोचवा."

"आत्याबाई, तुम्ही कशाला—" मी म्हणू लागले.

"सुम्म, गप्प राहा गं. परत येईन तेव्हा पिल्लं दिसली पाहिजेत."

मी वाकून नमस्कार केला. माझ्या पाठीवर हात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या वेळी 'पाठवू नकोस' म्हणणारं कोणी नव्हतं."

सासू बाहेरगावी निघाली म्हणून उंबऱ्यात बसून रडणारी सून त्या गावात मी एकटीच असेन.