वाळूवर शिकवलेला बर्फ

“आधी पडायला शिक,” असं म्हणून सर स्वतःच धपकन वाळूत पडून दाखवायचे. वय पंचावन्न, अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी. कुशीवर पडायचं, हात पोटाशी घ्यायचे, उठायची घाई करायची नाही. मग चड्डीची वाळू झटकत म्हणायचे, “बघ, काही होत नाही.”

तुमच्याही कॉलेजात असे एक जिमखान्याचे सर असतील, ज्यांच्या तासाला कुणी फिरकत नाही. आमच्या सरांना मुरुडच्या दमट हवेत राहून बर्फाचं वेड होतं. प्रत्यक्षात त्यांनी बर्फ पाहिला होता तो मासळीच्या खोक्यांतला. तरुणपणी हिमालयातल्या स्कीइंगच्या वर्गासाठी त्यांची निवड झाली होती. पण नेमकी तेव्हाच चौलच्या वाडीत सुपारी काढणीला आली, वडील नको म्हणाले, आणि सर राहिले ते राहिलेच. “आपल्याकडची एक तरी पोर बर्फावरून घसरत खाली आलेली मला बघायचीय,” हे ते चहा पिताना, हजेरी घेताना, समोर येईल त्याला सांगायचे.

ती पोर मी निघाले. मला बर्फाचं फार वेड होतं अशातला भाग नाही. मला फोटो हवे होते. दोन वर्षं अर्ज पाठवून पाठवून सरांनी कॉलेजसाठी एक जागा मिळवली होती, आणि वर्गात हात वर केला तो मी एकटीने.

मग दोन महिने रोज सकाळी सुरूच्या बनातल्या वाळूच्या उतारावर आमची तालीम. स्कीच्या पट्ट्या कुठून आणणार? सर घरच्या वाडीतून पोफळीच्या विऱ्या आणायचे. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचा बुंध्याकडचा रुंद, गुळगुळीत भाग. लहानपणी आम्ही तिच्यावर बसून एकमेकांना ओढायचो. सर त्या लांब कापून माझ्या बुटांना सुंभाने बांधायचे. विरीचं टोक वाळूत रुतलं की मी तोंडावर आपटायचे. दोन दिवस विचार करून सरांनी उपाय काढला. “अंग मागे ठेव. टोक आपोआप उचललं जाईल.” आणि खरंच, मागे झुकले की मी झकास खालपर्यंत यायचे. पलीकडे मासळी वाळत घालणाऱ्या बायका काम सोडून बघत बसायच्या, मास्तरांना म्हातारपणी हे काय सुचलं म्हणून हसायच्या. सर त्यांनाही एकदा घसरून बघा म्हणायचे.

हिमालयातल्या वर्गात, खऱ्या बर्फावर, पहिल्याच दिवशी मी मागे झुकले आणि पडले. पुन्हा झुकले, पुन्हा पडले. प्रशिक्षक ओरडून सांगत होते, आगे झुको. उतार समोर आ वासून असताना पुढे कसं झुकायचं हो? दुसऱ्या दिवशी मी रडवेल्या आवाजात त्यांना सांगितलं की आमच्या सरांनी मागे झुकायला शिकवलंय, म्हणून असं होतंय. ते हसले. आजूबाजूच्या मुलांकडे बोट दाखवून म्हणाले, “इन्हें किसने सिखाया? पहले सब पीछे ही झुकते हैं. डर के मारे. दो दिन में निकल जाता है.”

इतरांचं निघालं. माझं निघालं नाही, कारण चौथ्या दिवशी मी पोटात दुखतं म्हणून खोलीत बसले ती शेवटपर्यंत. दहा दिवस. फोटो मात्र भरपूर काढले.

परत आले तेव्हा मुरुडच्या एसटी स्टँडवर सर उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात नारळ. मी पायरीवरून उतरायच्या आतच त्यांनी विचारलं, “आलीस का गं घसरत?” त्यांचा तो चेहरा बघून खरं सांगायची माझी हिंमत होईना, आणि खोटं हो म्हणायलाही जीभ रेटेना. मग मी चिडले. माणूस स्वतःवर चिडला की समोरच्याला फाडून खातो, तशी.

“सर, तुम्ही सगळं उलटं शिकवलंत. तिथे पुढे झुकायचं असतं. तुमच्यामुळे पडत राहिले मी. गुडघा गेला माझा.”

गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

तिथेच स्टँडवर, नारळ हातात धरून, सरांनी गुडघे वाकवले आणि अंग जरासं पुढे झुकवून पाहिलं. “पुढे होय,” असं हळूच म्हणाले. आणि मग, “फार लागलं का गं?” माझी बॅग त्यांनी मला उचलू दिली नाही. घरापर्यंत घेऊन आले.

त्यानंतर ते उतारावर कधी गेले नाहीत. पुढच्या वर्षी कॉलेजसाठी जागा आली होती, त्यांनी नोटीसच लावली नाही. शिट्टी वाजवायचे, हजेरी घ्यायचे, घरी जायचे. निवृत्तीनंतर चौलच्या जत्रेत, रेवदंड्याच्या बाजारात भेटायचे, आणि दर वेळी पहिला प्रश्न, “गुडघा कसा आहे?” मी म्हणायचे, थंडीत जरा दुखतो. काय मेलं जात होतं माझं, बरा आहे म्हणायला? पण खोट्याला सुद्धा सवयीने पाय फुटतात. दर वेळी ठरवायचे की पुढच्या भेटीत सांगून टाकू. नोकरी लागली, लग्न झालं, पुढची भेट येतच राहिली.

गेल्या पावसाळ्यात सर गेले. दहा दिवसांनी मी चौलला त्यांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेले. या वेळी काकूंना तरी सगळं सांगायचं, असं घोकतच गेले होते. काकूंनी सरबत दिलं. वाडीतल्या बावीकडे, म्हणजे विहिरीकडे, बघत त्या आपणहून बोलू लागल्या. अख्ख्या आळीला ह्यांनी त्या बावीत पोहायला शिकवलं. पण मे महिन्यात पुण्याहून नात आली, मला शिकवा म्हणून आठ दिवस मागे लागली, तर काठावर उभे सुद्धा राहिले नाहीत.

“म्हणाले, एका पोरीला जन्माचं दुखणं दिलंय मी. आता कुणाला काही शिकवणार नाही. कोण ती, ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही.” काकूंनी डोळे पुसले. “तुमच्याच वेळची असेल ना गं? तुला ठाऊक आहे का ती?”

मी म्हटलं, “नाही हो काकू.”

सरबत संपवलं, नमस्कार केला आणि धडधाकट पायांनी पायऱ्या उतरून आले.