जगदेवचा इंग्रजी शब्द

जगदेव वाशीमच्या शाळेतून केनवडला परत आला तेव्हा त्याच्या अंगावर कोट होता आणि काखेत पुठ्ठा गेलेलं एक जाड पुस्तक. मॅट्रिकला तो दोनदा बुडाला होता. गणितात, इंग्रजीत नाही, हे तो कुणी विचारलेलं नसतानाही सांगे. गाव ऐकून घेई आणि बाजूला थुंके.

बाप गेल्यावर त्याचा थोरला भाऊ नानाजी यानं नांगर धरला होता. धाकट्याला त्यानं शिकवलं ते मायेपोटी नव्हे. घरात एक सरकारी माणूस असावा, पटवाऱ्यासमोर उभं राहताना मान खाली जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. ते काही झालं नाही. तेव्हापासून नानाजी भावाशी बोलताना भावाकडे पाहत नसे. बैलाकडे पाहून बोले.

पुस्तक शब्दांचं होतं. एक इंग्रजी शब्द, त्याचे अर्थ, आणि त्याच अर्थाचे आणखी शब्द. जगदेवनं त्यातला एकच धरून ठेवला. गेट. फाटकाचं गेट नव्हे, दुसरा, मिळणे. पुस्तकात त्याला अख्खं पान दिलेलं होतं. मिळणे, मिळवणे, आणणे, पोचणे, होणे, कळणे, पकडणे. ताप आला तरी गेट, बायको केली तरी गेट, अंथरुणातून उठलं तरी गेट. शिवाय त्याची भावकी निराळी: ऑब्टेन, अक्वायर, प्रोक्युअर. कष्टानं आलं तर अर्न, वारशानं आलं तर इन्हेरिट, हिसकावलं तर ग्रॅब. पण साहेबाला एवढ्या शब्दांची गरज पडत नाही. कमावणं आणि हिसकावणं त्याच्या तोंडातून एकाच आवाजात बाहेर येतं. हे जगदेवच्या एका दुपारी ध्यानात आलं तेव्हा तो आधी घाबरला. मग त्याला त्या शब्दाचं व्यसन लागलं.

तो गावाकडे त्यातूनच पाहू लागला. पाटील दिसला की मनात म्हणे, इन्हेरिट. कापसाचा व्यापारी, गेन. निंदणाऱ्या बाया, अर्न. देवळाच्या पायरीवरचा आंधळा, रिसीव्ह. नानाजी औत घेऊन समोरून गेला की मात्र कोणता शब्द लावावा ते त्याला ठरवता येत नसे. स्वतःला कोणता, हे त्यानं कधी विचारलं नाही.

वाशीमच्या कचेरीत नोकरी मागायला गेला तेव्हा हेडक्लार्कनं मान वर न करता त्याला 'गेट आउट' म्हटलं. जगदेवनं घरी येऊन पुस्तक उघडलं. तो अर्थही त्यात होता. त्याला बरं वाटलं.

चावडीच्या ओट्यावर रूपला बसलेला असे. पोळ्याला बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या की एकमेकांना टोचणारी कवनं म्हणतात, त्यांना झडती म्हणायचं. रूपला गावचा झडतीवाला होता. त्या एका दिवसासाठी तो वर्षभर जिभेला धार लावी.

"काय मास्तर, आज काय भेटलं?"

"तुले नाही समजनार, रूपला. या एका शब्दाचे जेवढे अर्थ हायेत तेवढे तुह्या बापानं ऐकले नसतीन."

"माह्या बापानं एकच ऐकला. भाकर भेटली का नाही भेटली." रूपला ओट्यावरून खाली उतरला. "अन् तुमाले ते भाकर कोन देऊन राह्यलं, थे लिवलं हाय का पुस्तकात?"

लोक हसले. जगदेव रात्रंदिवस घालत असे तो कोट झटकून निघून गेला.

भाकर गोजराबाई देत होती, नानाजीची बायको. देत म्हणजे टाकत होती. जगदेवच्या ताटात टाकी तशी रुख्मिणीच्याही. रुख्मिणी जगदेवची बायको, माहेर शिरपूरचं. नवरा साहेब होणार असं सांगून तिला इथं आणली होती. ती दिवसभर दळण, पाणी, शेण, सगळं करी आणि तरी जेवायला बसली की गोजराबाई चुलीकडे तोंड करून म्हणे, "कोनी राबते, कोनी वाचते. खाले मात्र सारेच मोकळे."

रुख्मिणी उलटून बोलत नसे. तिची जीभ गोजराबाईपेक्षा तिखट होती, म्हणूनच ती जिभेला सांभाळून ठेवत होती.

केनवडात एक रीत होती. पोळ्याच्या दिवशी जोडीतल्या बैलाचा कासरा ज्याच्या हाती, तो त्या जोताचा, म्हणजे घरच्या शेतीचा, भागीदार. कागद मागून होत, किंवा होतही नसत. गावानं डोळ्यांनी पाहिलं की झालं. बाप गेल्यापासून दोन्ही कासरे नानाजीच्या हातात होते.

"औंदा एक बैल तुमी धरा," रुख्मिणी नवऱ्याला म्हणाली. "तोरनात, साऱ्या गावाच्या म्होरं."

"दादा देईन काय?"

"देईन कायले? दावं सोडा अन् घेऊन चाला. गावासमोर भावाच्या हातातून कासरा हिसकावनार नाही तो. पन त्या रूपल्याले तुमच्यावर सोडीन."

"सोडू दे. त्याले मी इंग्रजीत पानी पाजीन."

"नाही." ती जात्याचा खुंटा सोडून उठली. "झडतीले झडतीच लागते. आखरीले महादेवाचं नाव घेतलं का गाव वरडते, ढोल वाजते, अन् त्या आवाजावर बैल निंगते. नाव नाही तं आवाज नाही, आवाज नाही तं बैल हालत नाही. मी सांगतो ते म्हना."

आणि तिनं सांगितलं:

"बाप एक, माय एक, गोठ्यात दावं एक,
एका जोताचे दोन भाऊ, गावा तूच देख."

पोळ्याच्या सकाळपर्यंत तिनं ते त्याच्याकडून घोकून घेतलं. तो चुकत नव्हता. फक्त म्हणताना ओठ वाकडे करत होता, जणू कुणी त्याला उष्टं खायला घातलं होतं.

रुख्मिणी म्हणाली तसंच झालं. जगदेवनं जोडीतल्या मोऱ्या बैलाचं दावं सोडलं तेव्हा नानाजी शिंगांना हिंगूळ लावत होता. त्यानं पाहिलं, नाही म्हटलं नाही. बोट धोतराला पुसलं आणि रूपलाच्या घराकडे गेला.

तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या. पाटलाची पुढं, मग बाकीच्या. नानाजीच्या जोडीला आज दोन माणसं होती आणि गाव तेच पाहत होतं. पाटलाची जोडी निघाली. नानाजीची पुढं आली. रूपला मध्ये येऊन उभा राहिला. जगदेवच्या पायांतल्या बुटांकडे त्यानं हात केला.

"वाशिमले गेला अन् बूट घालून आला,
भाऊ उन्हात तपला, हा सावलीत झाला;
भाऊ वाहे नांगर, हा वाचे पान,
जोताले हात नाही अन् मांगते मान!"

महादेवाचं नाव त्यानं असं फेकलं की सारं गाव एका गळ्यानं ओरडलं. मोऱ्यानं कान टवकारले. जगदेवनं कासरा आवळला.

आता त्याची पाळी होती. बायांच्या घोळक्यात रुख्मिणीचे ओठ हलत होते. बाप एक, माय एक. जगदेवनं ते पाहिलं. त्याच्या तोंडात ते कवन तयारही होतं. पण समोर रूपला दात काढून उभा होता, आणि या माणसाला त्याच्याच भाषेत, बायकोनं जात्यावर केलेल्या दोन ओळींनी उत्तर द्यायचं, हे जगदेवला सहन झालं नाही. या सगळ्यांच्या डोक्यावरून जाईल असं काहीतरी त्याच्यापाशी होतं. तेच त्यानं बाहेर काढलं.

"गेट!" तो ओरडला. "ऑब्टेन! अक्वायर! प्रोक्युअर! रिसीव्ह! इन्हेरिट! अर्न!"

तो म्हणत गेला. आवाज चढत गेला, मानेच्या शिरा फुगल्या. शब्द संपले तेव्हा तो थांबला आणि मान वर करून उभा राहिला. त्याला वाटलं, गाव गप्प झालं ते हरून.

गाव वाट पाहत होतं. ढोलवाल्याची टिपरी वरच राहिली होती. महादेवाचं नाव काही आलं नाही. कुणीतरी खोकलं.

"झालं काय?" रूपलानं विचारलं. "का आखीन बाकी हाय?"

तेव्हा नानाजी बोलला. तो कधी झडती म्हणत नसे. या वेळीही त्यानं बैलाकडे पाहूनच म्हटलं:

"माती म्या उकरली, बैल म्या चारला,
आयत्या जोतावर यानं हात मारला!"

आणि महादेवाचं नाव घेतलं. गाव फुटलं. ढोल कडाडला. दोन्ही बैल एकदम उसळले आणि नानाजीच्या मागं निघाले. जगदेवनं कासरा धरून ठेवला होता. तो त्याच्या तळव्यातून कातडी घेऊन गेला.

घरी गोजराबाईनं दारात बैलांचे पाय धुतले, नानाजीला ओवाळलं. जगदेव मागून आला तेव्हा ती ताम्हण घेऊन आत गेली होती.

रुख्मिणीनं त्याच्या हाताला हळद लावली नाही. "मी दिलं होतं तुमाले," एवढंच म्हणाली. "हातात दिलं होतं."

पोळ्याची कर संपली आणि शेतं पुन्हा सुरू झाली. त्या सकाळी नानाजीच्या कपाशीत निंदणाऱ्या बाया ओळीनं बसल्या होत्या. रुख्मिणी खुरपं घेऊन आली आणि ओळीच्या शेवटाला बसली.

गोजराबाई धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, धावत आली. "रुखमे, हे काय सोंग? घरची बाई मजुरनीत बसते काय?"

"घरची कोन, जाऊबाई? मी रोजानं आली."

"लोक काय म्हनतीन?"

"परवा सारेच लोक होते की तोरनात. त्यायनंच पाह्यलं, जोत कोनाचं ते." तिनं पदर कमरेला खोचला. "मले पात दाखवा. नाही तं पाटलाच्या वावरात जातो अन् तिथं सांगतो का थोरल्या दिरानं रोजानंही ठेवलं नाही."

गोजराबाईनं नानाजीकडे पाहिलं. तो बैलांचा डवरा थांबवून पलीकडच्या तासात उभा होता. त्याच्या तोंडावर राग होता, आणि त्या रागाला जायला जागा नव्हती. ओळीतल्या बायांनी सरकून तिला निंदायला एक पात दिली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा जगदेव आला. अंगात कोट, हाताला चिंधी. तो धुरा ओलांडून कपाशीत शिरला आणि तिच्यापुढं उभा राहिला.

"घरी चाल," तो म्हणाला.

तिनं खुरपं थांबवलं नाही. "कोनाच्या?"

बायांची खुरपी चालू होती. जगदेव तिथंच उभा राहिला, तिच्या हातांकडे पाहत. ते हात त्याच्या बुटांपर्यंत आले आणि वळसा घालून पुढं गेले.

पलीकडून नानाजीचा आवाज आला. या वेळी तो बैलाकडे पाहत नव्हता.

"ए! पऱ्हाटीवर पाय हाय तुहा. बाहीर हो."

जगदेवनं खाली पाहिलं. टाचेखाली कपाशीचं एक झाड मोडलं होतं. त्यानं पाय उचलला, आणि पुढं कुठं ठेवावा ते शोधत काही वेळ तसाच एका पायावर उभा राहिला.