तोंडी शेऱ्याची लेखी पुष्टी

डॉक्टरने मला विचारले नाही. माझा शर्ट त्याने स्वतःच वर केला आणि भोवतीच्या सहा विद्यार्थ्यांना म्हणाला, "देखो इंजेक्शन का कमाल. अंकलजी आंटीजी हो गए."

सहाही जण हसले. दार उघडे होते. बाहेरच्या बाकावरचे रुग्णही हसले.

माझे वय एकाहत्तर. प्रोस्टेटचा कर्करोग. आधी सात आठवडे किरणोपचार, आता दर तीन महिन्यांनी हार्मोनचे इंजेक्शन. छाती सुजून वर आली आहे, बनियनचा स्पर्शही दुखतो. जानेवारीत सारी दिल्ली स्वेटरमध्ये असते आणि माझ्या अंगातून आग निघते. शौचातून रक्त जाते. सरोजिनी नगरला भाजी आणायला निघण्यापूर्वी वाटेतली शौचालये मनाशी आखून घ्यावी लागतात. पत्नीच्या शेजारी मी पाहुण्यासारखा झोपतो. यातले काहीही होईल, असे मला कोणी सांगितले नव्हते.

ते हसत असताना माझी फाइल टेबलावर उघडी पडली होती. साहेबाच्या टेबलावरचा कागद उलट्या बाजूने वाचणे ही दिल्लीच्या मंत्रालयातल्या नोकरीतली जुनी सवय. मी वाचले. माझ्या सहीच्या वर शिक्का होता: सर्व दुष्परिणाम रुग्णास त्याच्या भाषेत समजावून सांगितले. खाली त्याच डॉक्टरची सही.

माझी भाषा मराठी. त्या इमारतीत माझ्याशी मराठीचा एक शब्द कोणी बोललेले नाही. सहीच्या वेळी हिंदीतही फक्त एवढेच: "यहाँ साइन कीजिए." आणि आयुष्यभर न वाचता एकही कागद पुढे न पाठवलेल्या मी, भीतीपोटी, सही केली होती. शिक्का तेव्हा नव्हता. मागाहून मारलेला.

चौतीस वर्षे मी केंद्र सरकारच्या नोकरीत काढली. विदर्भातून आलेला, बौद्ध, आरक्षणातून लागलेला. "कोटेवाले हैं, धीरे समझते हैं," असे साहेब मला ऐकू जाईल इतक्या हळू बोलत. तिथे मी एक हत्यार कमावले. वरिष्ठ जे तोंडी बोलेल, ते त्याच दिवशी कागदावर उतरवून त्याच्यापुढे ठेवायचे. आपण तोंडी असे म्हणालात, कृपया पुष्टी करावी. कित्येकांची मर्दुमकी त्या एका ओळीपाशी संपलेली मी पाहिली आहे.

मी शर्टाची बटणे लावली. कागद मागितला, मिळाला नाही. ओपीडीच्या पर्चीच्या मागे त्याचे वाक्य जसेच्या तसे लिहिले आणि पर्ची त्याच्यापुढे सरकवली. "हस्ताक्षर कीजिए."

"अरे अंकलजी, मज़ाक था."

"ठीक है. 'मज़ाक था' भी लिख देता हूँ."

लिहिले. त्याने सही केली नाही. पण हसणे थांबले.

तेव्हा बाकावरून एक हरयाणवी शेतकरी उठला. माझ्याच वयाचा. "ल्याओ बाबूजी, दस्तख़त मैं करूँ. हँसा तो मैं भी था. मेरै भी योही सूई लाग री सै." त्यालाही हेच इंजेक्शन चालू होते. त्याने सही केली. खाली गावाचे नाव लिहिले.

घरी पत्नी म्हणाली, "अहो, सुई त्यांच्याच हातात आहे. जाऊ द्या ना."

तिची भीती खोटी नव्हती. तरीही मी रुग्णालयाच्या अधीक्षकांना आणि वैद्यकीय परिषदेला लिहिले. माहिती अधिकारात फाइलची प्रमाणित प्रत मागितली.

पंधरवड्याने विभागप्रमुखांनी बोलावले. दार लावून घेतले, चहा मागवला. "डॉक्टर साहब यहीं सॉरी बोल देंगे. कंप्लेंट वापस ले लीजिए. आख़िर इलाज तो यहीं चलना है न आपका?"

मी पेन काढले. तेही वाक्य लिहिले, तारीख घातली आणि कागद त्यांच्या बशीशेजारी ठेवला. "कृपया पुष्टि करें."

आता त्या तक्रारीला एक पुरवणी जोडलेली आहे. आरोपी दोन झाले आहेत.

मला सहानुभूती नको. समुपदेशन नको. बंद खोलीतली माफी तर नकोच. अपमान उघड्या दाराने झाला, माफीही उघड्या दाराने होईल: त्याच खोलीत, त्याच सहा विद्यार्थ्यांसमोर, बाक भरलेला असताना. तो खोटा शिक्का तो स्वतःच्या हाताने खोडेल आणि खाली कारण लिहील. नाहीतर परिषदेसमोर उभा राहील, आणि त्याच्या शर्टाला मात्र कोणी हात लावणार नाही, कारण मी कायद्याने चालणारा माणूस आहे.

पुढच्या इंजेक्शनला मी जाणार आहे. त्याच्याकडेच.