ॲडमिशन मागायला आलेल्या मॅडम

फिजिक्सच्या मॅडम कुणाच्याही घरी चहाला नाही म्हणत नसत. उन्हाळ्यात कॉलेजातले सगळे प्राध्यापक बारावी झालेल्या मुलांच्या घरी जायचे, आमच्याकडेच ॲडमिशन घ्या म्हणून सांगायला. मुलं भरली नाहीत की विषय बंद, आणि विषय बंद झाला की मॅडमही घरी. त्यांची नेमणूक तासांवर होती, दरवर्षी नव्यानं. "चहा नाकारला की पोरगी हातची जाते," असं त्या म्हणायच्या. संध्याकाळपर्यंत ॲसिडिटीनं चेहरा उतरलेला असायचा.

मुरुम गावात आमच्या घरी आल्या तेव्हा मी पडद्याआड उभी होते. पप्पांचं टायरचं दुकान. मला इंग्रजी शाळेत घालूनच ते दमले होते, आणि घरात एका स्थळाची बोलणी चालली होती.

"मॅडम, तुमचं शिक्षण किती?" पप्पांनी विचारलं.

"एम.एस्सी., नेट. पीएच.डी. चालू आहे."

"आन् नोकरी पक्की?"

"नाही, भाऊ."

"मग पोरीला कशाला शिकवू? लई शिकून तुमीबी दारोदारच फिरायलाव की."

मॅडमनी बशी खाली ठेवली. "खरंय. पण येतो तो पगार माझ्या खात्यावर येतो."

"कवा येतो?"

"दिवाळी झाल्यावर. कधी कधी संक्रांतीला."

पप्पा खो खो हसले. ते हसले म्हणून मी कॉलेजला गेले, असं मला अजून वाटतं.

वर्गात मी तोंड उघडत नसे. "इंग्रजी शाळेतली ना तू? घाबरू नको," त्या म्हणाल्या, "इथं सगळे मराठीतून घाबरतात." शिकवताना त्यांचं अर्धं लक्ष दाराकडे असायचं. एखादी मुलगी चार दिवस दिसली नाही की खडू हातातच राहायचा. "लग्न ठरलं का गं तिचं?" त्या हळूच विचारायच्या. त्यांची ती भीती बघून मी तापातसुद्धा वर्गात जाऊन बसायचे.

पुढं माझ्या एम.एस्सी.साठी पप्पांनी दुकानातलं एक मशीन विकलं. मी पास झाले त्याच वर्षी मॅडमचा विषय बंद पडला.

गेल्या महिन्यात तुळजापूरजवळच्या एका कॉलेजात मुलाखतीला गेले. तासांवरची एकच जागा होती. बाहेरच्या बाकावर मॅडम बसल्या होत्या.

"ये," त्यांनी सरकून जागा केली. "पप्पा काय म्हणतात?"

"म्हणतात, आता नोकरी घेऊनच घरी ये."

"मग तुला मिळायलाच पाहिजे." त्या हसल्या, पण आवाज बसलेला होता. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. दुसरीकडे कुठं जागा आहे का, हे मी विचारलं नाही. नाही, हे मलाही ठाऊक होतं.

शिपायानं आधी त्यांचं नाव पुकारलं. उठताना त्यांनी पर्स माझ्या हातात दिली. "धर जरा. आणि देवीचं नाव घे."

दार लागलं. मी पर्स मांडीवर ठेवली, डोळे मिटले, हात जोडले. काय मागायचं ते मात्र सुचेना.